हेदवीला निघण्याआधी ब्रेकचं पॅडल दाबून पाहा

कुकरची रिंग सैल झाली की तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. शिटी व्हायला नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागली, झाकणाच्या कडेने बारीक फुसफुस ऐकू आली, की कारण तुमच्या ध्यानात आलेलंच असतं. मग आता एक विचारते. तुमच्या घरच्या गाडीचं ब्रेकचं पॅडल दाबल्यावर किती खाली जातं? आणि गेल्या महिन्यात किती जात होतं? गाडी रोज चालवणाऱ्या बायकासुद्धा या प्रश्नाला थबकतात. जिच्या हाती स्टिअरिंग नाही ती तर म्हणणार, ‘ते यांना ठाऊक!’ आणि यांना विचारावं तर उत्तर येतं, ‘जरा खाली जातं, पण दोनदा मारलं की येतं वर. चालतंय.’

हे ‘चालतंय’ फार वाईट. आजचा सगळा लेख त्या एका शब्दाविरुद्ध आहे असं समजा ना!

हेदवीचं नाव वर घातलंय ते उगाच नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातलं हे गाव कितीतरी घरांच्या सहलीत ठरलेलं असतं. टेकडीवरचा दशभुजा लक्ष्मीगणेश, खाली समुद्राकाठी उमामहेश्वराचं देऊळ, त्याच्या जवळची बामणघळ. पुढे तवसाळहून गाडीसकट फेरीबोटीने जयगड, मग गणपतीपुळे, असा बेत. घाटावरची मंडळी बरेचदा पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतात, चिपळूण गाठतात आणि गुहागरच्या वाटेला लागतात. गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा, पायाशी खाऊचे डबे. उतार लांबलचक, वळणावर वळण. खाली पोचल्यावर कोकणातली हवा, जिथे पावसाळ्यात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं आणि सकाळी तळलेला पापड दुपारी वातड होतो. आता हे ऐका: गाडीच्या ब्रेकचे दोन मोठे वैरी म्हणजे उष्णता आणि ओल. घाटातल्या उतारावर एक भेटतो, किनाऱ्यावर दुसरा. हेदवीच्या प्रवासात दोघांशी गाठ आहे.

पायाचा जोर चाकापर्यंत जातो कसा?

बामणघळ तुम्ही पाहिली असेल. काळ्या कातळाला चिंचोळी भेग आहे. भरतीची लाट त्या भेगेत घुसते, पुढे जायला वाट मिळत नाही, मागून समुद्राचा रेटा असतोच, मग पाणी जोराने वर उसळतं. (पाहायची ती लांबून, बरं का. ओल्या कातळावर पुढे जाऊन फोटो काढायची ती जागा नव्हे.) कोंडलेल्या पाण्यात काय ताकद असते, हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

गाडीत हेच घडतं, फक्त पाण्याऐवजी एक खास द्रव असतो आणि त्याला उसळायला जागाच ठेवलेली नसते. गॅरेजवाले त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, आपणही तेच म्हणू. तुम्ही पॅडल दाबता, तेव्हा बोनेटखाली चालकाच्या समोर बसवलेल्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, अगदी रंगपंचमीच्या पिचकारीसारखा. तो ऑइल दाबतो. बारीक नळ्यांतून तो दाब चारही चाकांशी पोचतो. तिथे हल्लीच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क असते. तिला दोन बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. मागे पुष्कळ गाड्यांत अजून ड्रम असतो, म्हणजे फिरणारा डबा. त्याच्या आतून ब्रेक शू बाहेर रेटले जातात आणि त्यांचे लायनर ड्रमला घासतात. द्रव दाबून आक्रसत नाही आणि कोंडलेल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हा नियम फ्रान्सच्या पास्कलने १७व्या शतकात मांडला. त्याच नियमावर तुमचा पाय आणि तुमची मुलंबाळं सुखरूप आहेत.

म्हणजे पॅडल नेहमीपेक्षा खोल गेलं याचा अर्थ काय? पायाचा काही जोर मध्येच कुठेतरी खर्च झाला. एक तर ऑइल कमी झालं, म्हणजे गळालं. किंवा ऑइलमध्ये हवा वा वाफ शिरली. हवा दाबली की आक्रसते, म्हणून पाय स्पंजावर पडल्यासारखा वाटतो. किंवा दट्ट्याचं रबर झिजलं आणि ऑइल त्याच्या कडेने मागे निसटू लागलं. नाहीतर मागचे शू झिजून ड्रमपासून दूर राहिले, त्यांना घासेपर्यंत जास्त अंतर तोडावं लागतं. एवढीच चार मुख्य कारणं. गंमत अशी की, पॅडल कसं खाली जातं यावरून यातलं कोणतं कारण, हे बरंचसं ओळखता येतं. त्यासाठी हात काळे करावे लागत नाहीत, साडीला डागही पडत नाही.

पाच मिनिटांची तपासणी

सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाकांना पुढून-मागून दगड लावून बसा. आधी पायाखाली पाहा. पॅडलच्या मागे सरकलेली मॅट, घरंगळत आलेली पाण्याची बाटली, मुलाचा चेंडू यांनी पॅडल अडतं. ही शक्यता हसण्यावारी नेऊ नका. भर वेगात बाटली पॅडलखाली आली तर ब्रेक लागणारच नाही.

इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा. दरवेळी ते अधिक कडक होत जाईल. आता त्या कडक पॅडलवर पाय दाबून ठेवा आणि तसंच इंजिन चालू करा. पॅडल थोडंसं खाली सरकेल. घाबरू नका, हे सरकणं निरोगी आहे. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नावाचा डबा इंजिन चालू झाल्यावर कामाला लागतो, त्याची ती खूण. उलट ते सरकलंच नाही, पॅडल दगडासारखं राहिलं, तर बूस्टर बिघडला असण्याचा संभव. तो वेगळा आजार आहे.

आता इंजिन चालूच ठेवून पॅडलवर एकसारखा, बेताचा दाब द्या आणि मनात साठपर्यंत आकडे मोजा. पॅडल जिथे थांबलं तिथेच राहिलं, तर छान. पाय हळूहळू, लोण्यात सुरी जावी तसा खाली जात राहिला, तर मात्र बेत पुढे ढकला. याला दोन कारणं: कुठेतरी ऑइल बाहेर गळतंय, किंवा मास्टर सिलिंडरमध्ये आतल्या आत निसटतंय. दुसऱ्या प्रकारात जमिनीवर थेंब पडत नाही, टाकीतलं ऑइलही कमी होत नाही, म्हणून ‘सगळं ठीक आहे’ असा सगळ्यांचा समज होतो. आईच्या किंवा आजीच्या हातचा पंपाचा स्टो आठवतो का? त्याच्या पंपातलं चामडं सुकलं की कितीही पंप मारा, आत हवाच भरत नसे. दांडा नुसता सैल आत-बाहेर. मग त्या चामड्याला तेल लावायचं किंवा दहा पैशांचं नवं आणायचं. मास्टर सिलिंडरमधल्या रबराचं तेच दुखणं. फरक इतकाच की, स्टो पेटला नाही तर चहाला उशीर होई.

यातली आणखी एक लबाडी सांगते. असा खराब सिलिंडर जोराने झटकन दाबलं तर कधी कधी चांगला वागतो, आणि हलक्या पायाने सिग्नलला उभं राहिलं की खाली बसतो. तेव्हा ‘जोरात दाबला तर लागतो की’ हे उत्तर मान्य करू नका.

तिसरी खूण: पहिल्यांदा पॅडल खोल जातं, लगेच पुन्हा दाबलं तर वर मिळतं. इथे पाय कसा लागतो ते बघा. वर आलेलं पॅडल टणक असेल तर बहुधा मागचे शू झिजलेत किंवा त्यांची अॅडजस्टमेंट गेली आहे. ते पडताळायचं तर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पायाचं पॅडल दाबा. पॅडल लगेच वर, नेहमीच्या जागी मिळालं, तर दोष मागच्या ड्रमकडे. कारण हँडब्रेकने शू आधीच ड्रमपाशी नेऊन ठेवलेले असतात. अशा गाडीचा हँडब्रेकही आताशा दोन-चार कट-कट जास्त ओढावा लागतो, हे तुम्हाला आठवेलच. वर आलेलं पॅडल मात्र मऊ, लिबलिबीत लागलं, तर ऑइलमध्ये हवा आहे.

मग बोनेट उघडायला लावा. मास्टर सिलिंडरच्या डोक्यावर पांढरट प्लॅस्टिकची लहान टाकी असते, तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. झाकण न उघडता बाहेरूनच पातळी दिसते. पुढचे पॅड झिजतील तशी ही पातळी महिनोन्महिने किंचित उतरत जाते, त्यात काही वावगं नाही. पण आठवड्याभरात डोळ्यांना दिसेल इतकी उतरली तर गळती आहेच. ऑइल काही उडून जात नाही! पुष्कळ गाड्यांत ऑइल कमी झालं की हँडब्रेकचाच लाल दिवा पेटतो. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही तो दिवा लुकलुकत असेल, विशेषतः वळणावर, तर ‘सेन्सर खराब झाला असेल’ म्हणून सोडू नका.

गळती शोधायला चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, तेलकट ओघळ दिसतो का? मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला जोडलाय तिथे रंग फुगून निघालाय का? ब्रेक ऑइल रंगाला खातं, त्यामुळे ही खूण बोलकी असते. चालकाच्या पायाजवळ पॅडलच्या वरच्या दांड्याला ओल लागते का तेही बोटाने पाहा. एसीचं पाणी पुढच्या भागाखाली टपकतं ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. ब्रेक ऑइल बोटांना बुळबुळीत लागतं. बघून झालं की हात साबणाने धुवा.

किनाऱ्यावरची ओल

आता हेदवीकडे वळू. ब्रेक ऑइलचा एक स्वभाव आहे: ते हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेल्या बरणीतल्या साखरेसारखंच. टाकीला झाकण असलं तरी रबरी नळ्यांतून, झाकणाच्या श्वासछिद्रातून ओल शिरतेच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यातही समुद्रावरची हवा दमट. शिवाय खारट.

नव्या, कोरड्या ‘डॉट ३’ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ‘डॉट ४’चा २३० अंश. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. पावणेचार टक्के म्हणजे शंभर चमच्यांत जेमतेम चार चमचे! पाणी मुरलेलं ऑइल शहरात, सिग्नल ते सिग्नल, कधीच उकळत नाही. म्हणून वर्षभर कुणाला काही कळत नाही. ते कळतं घाटात.

म्हणून गावाकडे ठेवलेल्या गाड्यांची मला जास्त धास्ती वाटते. कोकणात ही पद्धत आहे. चाकरमानी मुंबईत, जुनी गाडी गावच्या खळ्यात किंवा माडाखाली ताडपत्री घालून. गणपतीला आले की बॅटरी बदलायची, हवा भरायची आणि चालू! टायर दिसतो, बॅटरी रुसते, म्हणून त्यांची आठवण होते. ब्रेक ऑइल मात्र रुसत नाही. तोवर त्या मुरलेल्या पाण्याने सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागाला गंजाचे बारीक ठिपके पडलेले असतात, आणि बाहेरून खाऱ्या हवेने लोखंडी नळ्या खाल्लेल्या. पहिले चार दिवस देवळात, बाजारात जाताना ब्रेक ठीक लागतात. मग दट्ट्याचं रबर त्या खरखरीत जागेवरून जाऊन जाऊन फाटतं आणि एका सकाळी पॅडल खाली बसतं. अशी गाडी उभी असेल तर ऑइल बदलून, सिलिंडर आणि नळ्या तपासून घेतल्याशिवाय तिच्यात कुणाला बसवू नका, मग अंतर हेदवीच्या तिठ्यापासून देवळापर्यंतचं का असेना. देवळाचा रस्ताही चढाचा आहे, आणि चढलेली गाडी उतरायची असते.

ऑइल सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी बदलावं; गाडीच्या पुस्तिकेत कमी मुदत दिली असेल तर ती पाळावी. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक दिवसही जास्त ओढू नये. रंगावर विसंबू नका. चहासारखं तपकिरी झालेलं ऑइल जुनं आहे हे खरं, पण पिवळसर स्वच्छ दिसणाऱ्यातही पाणी असू शकतं. गॅरेजमध्ये ओल मोजायचं पेनासारखं छोटं उपकरण असतं, ते लावून दाखवायला सांगा. कोणती प्रत घालायची ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. इंजिन ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल, ‘थोडं होतं म्हणून’ काहीही त्यात ओतू देऊ नका; खनिज तेल लागलं की आतली सगळी रबरं फुगतात आणि खर्च दहापट होतो. बाटली फोडलेली, महिनोन्महिने फळीवर पडलेली असेल तर तीही नको. नवी बाटली दोन-तीनशे रुपयांत येते.

घाट उतरताना

१८८८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्टा बेन्झ नावाची बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन निघाली. सोबत दोन मुलगे. मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या आईकडे. शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. आणि उतारांवर मोटारीचे लाकडी ब्रेक झिजून निकामी व्हायला लागले, तेव्हा एका गावात चांभाराकडे थांबून त्या लाकडांना चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनरची सुरुवात तिथून झाली असं मानतात. माहेरी जाणाऱ्या बाईने लावलेला शोध! सांगायचा मुद्दा, ब्रेकचं दुखणं उतारावर उघडं पडतं, हे तेव्हाही खरं होतं.

कुंभार्ली घाटात होतं काय? चालक गाडी मोठ्या गिअरमध्ये मोकळी सोडतो आणि पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवतो. भरलेली गाडी खाली ओढतेय, पॅड डिस्कला घासतायत, डिस्क शेकडो अंशांनी तापते, ती उष्णता सिलिंडरमधल्या ऑइलला लागते. ऑइलमधलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ आक्रसते. आणि दहा वळणांपूर्वी छान लागलेलं पॅडल अकराव्या वळणावर फळीला टेकतं.

त्याआधी सूचना मिळते. जळकट, झणझणीत वास येतो. पॅडल थोडं मऊ, थोडं खोल जायला लागतं. इथे शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईचं काम आहे. चालकाचं लक्ष वळणावर असतं, नाक तुमचं मोकळं आहे. वास आला की, ‘अहो, थांबू या’ एवढं ठामपणे म्हणा. कुणाला कंटाळा आला, दर्शनाची वेळ टळली, तरी म्हणा. रुंद, सुरक्षित जागा बघून अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या चाकावर बाटलीतलं पाणी ओतू नका. पुष्कळ जण हा उद्योग करतात आणि गरम डिस्क वाकडी होते किंवा तडकते. आपोआप गार होऊ द्या.

आणि आता खरी पारखायची जागा. गार झाल्यावर पॅडल पुन्हा पहिल्यासारखं टणक लागेल. वाफेचं पुन्हा पाणी झालेलं असतं. सगळे म्हणतील, ‘बघ, काही नव्हतं.’ होतं, आणि अजून आहे. ते पाणी त्या ऑइलमध्येच आहे आणि परतीच्या वाटेवर पुढचा कुठलाही लांब उतार त्याला पुन्हा उकळवील. तेव्हा उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू उतरा आणि चिपळूणला पोचल्यावर आधी गॅरेज गाठा. ऑइल पूर्ण बदलून मगच गुहागरच्या रस्त्याला लागा.

मुळात उतरायचं कसं? जो घाट चढायला ज्या गिअरची गरज पडते त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक बरोबर आहे. इंजिनच गाडीला मागे धरतं. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती पुस्तिकेत पाहून ठेवा. ब्रेक सतत चिकटवून ठेवण्याऐवजी वळणाआधी नीट, ठाम लावावा आणि सोडावा. इंधन वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्याच्या शेजारी तर बसूच नका. इंजिन बंद की बूस्टर बंद, दोन-तीनदा दाबलं की पॅडल लाकूड होतं.

चालत्या गाडीत पॅडल एकदम तळाला गेलंच, तर? पाय उचलून झटपट, पुन्हा पुन्हा मारा. बहुतेक वेळा थोडा दाब परत मिळतो. गिअर एकेक करत खाली आणा. हँडब्रेक हळूहळू ओढा, बटण दाबून धरूनच, म्हणजे चाक अडकून गाडी फिरायला लागली तर लगेच सोडता येईल. किल्ली बंद करू नका, स्टिअरिंग अडकायची भीती असते. हॉर्न आणि चारी दिवे चालू. चढाची बाजू, मातीचा भराव, डोंगराकडचं गटार, जे मिळेल त्याला गाडी लावा, दरीकडे नाही. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्यांचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा राहतो. पॅडल फार खोल जातं, गाडी थांबायला फार अंतर घेते, पण थांबते. म्हणून पॅडल खाली गेलं तरी पाय काढून हताश होऊ नये, तळापर्यंत जोराने रेटावं. (एबीएसच्या गाडीत जोराचा ब्रेक लावताना पायाला थरथर जाणवते, ती मात्र बिघाडाची नव्हे.)

गॅरेजमध्ये

तिथे ‘ब्रेक बघा जरा’ एवढंच सांगितलंत तर काम अर्धवट होईल. डॉक्टरकडे जसं सांगता तसं सांगा: थंड असताना खाली जातं की तापल्यावर, दाबून धरलं तर बसतं का, दुसऱ्यांदा वर येतं का, वर आल्यावर मऊ की टणक, हँडब्रेक ओढून काय होतं, टाकीची पातळी किती दिवसांत किती उतरली. शृंगारतळी, गुहागर, चिपळूण इथले मिस्त्री हुशार आहेत. वर्णन नेमकं मिळालं की तेही खूश होतात.

‘एअर धरली होती, काढून दिली’ असं सांगून कुणी गाडी परत देत असेल तर एकच प्रश्न विचारा, ‘हवा शिरली कुठून?’ बंद नळीत हवा आपली आपण जात नाही. अलीकडे ऑइल बदललं किंवा काही जोडकाम झालं असेल तर तेव्हा राहिलेली असू शकते. नाहीतर गळतीची जागा सापडलीच पाहिजे. ती न शोधता एअर काढणं म्हणजे छप्पर न शाकारता खाली पातेलं ठेवणं. एका मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत असेल तर दोन्ही बाजूंचे बदलून घ्या, आणि ऑइलने भिजलेले शू धुऊन-पुसून परत बसवू देऊ नका. लायनरमध्ये मुरलेलं ऑइल निघत नाही. मास्टर सिलिंडरला किट घालायचं की अख्खा नवा, हा प्रश्न येईल. आतला पृष्ठभाग गंजलेला, खरखरीत असेल तर किट म्हणजे वाया गेलेले पैसे. खाऱ्या हवेतल्या गाडीला मी तर नवाच सांगेन.

एअर काढायला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, एक पॅडलवर. गावच्या गॅरेजमध्ये दुसरा माणूस नसला की मिस्त्री म्हणतो, ‘ताई, जरा बसता का?’ खुशाल बसा. सोपं आहे. तो चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवतो. ‘दाबा’ म्हटलं की सावकाश दाबून धरायचं. तो निपल सैल करतो, पॅडल पायाखालून खाली जातं. तो निपल आवळून ‘सोडा’ म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. आधी सोडलात तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत पॅडल फळीपर्यंत ठोकू नका. आत जिथे दट्ट्या कधी गेलाच नाही त्या गंजक्या भागावर रबर जाऊन कापलं जातं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं. नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत हे चालतं, बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून. मधेमधे टाकी भरत राहायची. ती रिकामी झाली तर पुन्हा हवा. काही नव्या एबीएसच्या गाड्यांना यंत्र जोडूनच हे करावं लागतं, तेव्हा त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्याव्यात.

गाडी ताब्यात घेताना पैसे देण्याआधी तीच साठ आकड्यांची परीक्षा पुन्हा करा. मग मिस्त्रीला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दोन-चारदा ब्रेक लावून पाहा.

उरलेल्या ऑइलचं राहिलं. बाटलीत तळाशी थोडं उरतं आणि आपल्याला काही टाकवत नाही. हे ऑइल विषारी आहे, आणि दिसायला सरबतासारखं. रिकाम्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते भरून घरात आणू नका, मोरीत ओतू नका. काढलेलं जुनं आणि उरलेलं नवं दोन्ही गॅरेजमध्येच ठेवा, तिथे जुन्या ऑइलचा पिंप असतो. बोनेटवर किंवा दारावर थेंब सांडला असेल तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर तिथला रंग जाईल.